पेरूजात उन्हाळ्यात इटालियन शिकायचंय? अर्जापासून परतीपर्यंत

जानेवारी उजाडला की कॉलेजातल्या ज्युनिअर्सचे तेच ते मेसेज सुरू होतात. कुठलं शहर घेऊ, व्हिसा कधी टाकू, शाकाहारी माणसाचं निभतं का, घरच्यांना खर्च किती सांगू. प्रत्येकाला सुटं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी पुण्यात बीए करत असताना जुलैच्या इटालियनच्या कोर्सला इटलीतल्या पेरूजाला गेले होते, त्यामुळे गावाबद्दलचं सगळं पेरूजाचं आहे. कागदपत्रांचा भाग मात्र सिएनाला जा नाहीतर बोलोन्याला, सारखाच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे बरेच सल्ले तिच्यावरच उभे आहेत. भाषा वर्गात समजते, पण तोंडात बसते ती दुपारी वर्ग सुटल्यानंतर. म्हणून शहर, महिना, घर, काहीही ठरवताना स्वतःला विचारा: इथे माझं इंग्रजीवर भागेल का? भागत असेल तर तो पर्याय सोडा. एवढे पैसे खर्चून इंग्रजी बोलायला जायचं काही कारण नाही.

१. शहर ठरवा

रोम आणि फ्लॉरेन्समध्ये भाषाशाळांना तोटा नाही. पण तिथे तुम्ही अडखळत इटालियनमध्ये कॉफी मागितली की काउंटरवरचा माणूस सरळ इंग्रजीत उत्तर देतो. त्याच्यामागे रांग असते, त्याचाही इलाज नसतो.

फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठी म्हणून नावाजलेली दोन सरकारी विद्यापीठं इटलीत आहेत, एक पेरूजाला आणि एक सिएनाला. पेरूजातली व्याख्यानं १९२१ साली सुरू झाली आणि १९२५ मध्ये त्याचं रीतसर विद्यापीठ झालं. इमारत म्हणजे एट्रस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या लोकांच्या, कमानीशेजारचा गालेन्गा राजवाडा. गाव डोंगरावर, वस्ती दीड-पावणेदोन लाखांची. विद्यार्थी भरपूर, पर्यटक बेताचे, आणि दुकानदारांना परदेशी मुलांच्या तुटक्या इटालियनची वर्षानुवर्षांची सवय. हे शेवटचं फार मोलाचं आहे.

सिएनाही उत्तम. फक्त तिथे २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ, म्हणजे चौकातली घोड्यांची शर्यत असते. त्या सुमाराला खोल्यांचे भाव चढतात.

२. महिना ठरवा (इथे बरेच जण फसतात)

आपली उन्हाळी सुट्टी आणि त्यांची उन्हाळी सुट्टी एकाच वेळी नसते. तिकडचे उन्हाळी कोर्स जोरात चालतात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तोवर आपल्याकडे नवीन सेमिस्टर सुरू झालेलं असतं. शिवाय सेमिस्टरच्या परीक्षा जूनपर्यंत लांबल्या तर त्यांच्या जूनच्या कोर्सचीही वाट लागते. त्यामुळे आधी विभागप्रमुखांना भेटा, हजेरीचं काय करायचं ते लेखी घ्या. 'जा गं, बघू नंतर' यावर विसंबू नका. नंतर बघणारी व्यक्ती वेगळी असू शकते.

जुलै की ऑगस्ट? माझं मत जुलै. जुलैत पेरूजात उंब्रिया जॅझ हा मोठा संगीत महोत्सव असतो, तेव्हा आठ-दहा दिवस गर्दी असते, रात्री झोप लागत नाही, पण गाव जागं असतं. ऑगस्टमध्ये उलट. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन, त्यांच्याकडे फेर्रागोस्तो, म्हणजे भर उन्हाळ्यातला सुट्टीचा सण. त्याच्या मागेपुढे अर्धी दुकानं 'सुट्टीनिमित्त बंद'ची पाटी लावून समुद्राकडे पळतात. बोलायला माणसंच नसतील तर भाषा कोणाशी शिकणार?

३. कोर्सला नाव नोंदवा

कोर्स ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्यांचे असतात. अगदी काही येत नसेल तर ए-१, पण कोरी पाटी घेऊन जाऊ नका. मुंबईत इटालियन सांस्कृतिक केंद्र आहे, ऑनलाइन वर्गही पुष्कळ आहेत. तीन-चार महिने आधी सुरू करून वर्तमानकाळ, आकडे, वेळ सांगणं आणि ओळख करून देणं एवढं पक्कं करा. ए-१ चा महिना तिथे काढण्यापेक्षा ए-२ ला बसलात तर दुपारच्या गप्पांत निदान तोंड उघडता येतं.

सुरुवातीला पातळी ठरवायची चाचणी होते. तिच्यात मोबाइलची मदत घेऊन वरच्या वर्गात शिरू नका. तिसऱ्या दिवशी सगळा वर्ग हसत असतो आणि आपल्याला विनोद कळलेला नसतो.

आता सापळा. कोर्सच्या शेवटी मिळतं ते हजेरीचं प्रमाणपत्र. भाषेची पातळी सिद्ध करणारी परीक्षा वेगळी असते, पेरूजाची चेली, सिएनाची चिल्स. पुढे तिकडे एमए करायचं असेल तर उपयोगी पडते ती ही परीक्षा. तिच्या तारखा ठरावीक, नोंदणी आणि फी वेगळी. कोर्सला आहोत म्हणजे परीक्षा आपोआप झाली असं काही नसतं.

कॉलेजात क्रेडिट मिळवायचे असतील तर कोर्सचे एकूण तास आणि अभ्यासक्रम यांचं पत्र विद्यापीठाकडून जाण्याआधीच मागवा.

४. व्हिसा

मुक्काम ९० दिवसांच्या आत ठेवा. त्यापुढे गेलात की व्हिसाचा प्रकार बदलतो आणि तिथे पोहोचल्यावर राहण्याच्या परवान्यासाठी पोस्टातून अर्ज, बोटांचे ठसे, महिनोन्महिने वाट हे सगळं मागे लागतं. एक-दोन महिन्यांच्या कोर्ससाठी शेंगेनचा, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. त्याचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर व्हिसा केंद्राची सेवा-फी. अर्ज करताना कारण 'पर्यटन' लिहू नका, 'शिक्षण' लिहा. एजंट हमखास 'टुरिस्ट टाका, सोपं पडतं' म्हणतो. हातात कोर्सचं पत्र आणि फॉर्मवर पर्यटन, हा गोंधळ कोणी सांगितलाय?

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण प्रकरण अडकलं तर ४५ दिवसही जाऊ शकतात. खरी अडचण असते अपॉइंटमेंटची. एप्रिल-मे म्हणजे अख्खा महाराष्ट्र युरोप टूरला निघालेला असतो. जुलैला जायचं तर मार्चमध्येच तारीख शोधायला लागा. 'तारीख मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

माझ्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं
- भरलेला फॉर्म आणि फोटो (कोपऱ्यावरच्या स्टुडिओत 'शेंगेन साइझ' सांगा, त्यांना माहीत असतं)
- कोर्सला प्रवेश मिळाल्याचं पत्र आणि फी भरल्याची पावती
- निदान ३०,००० युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा, सगळ्या शेंगेन देशांसाठी आणि सगळ्या दिवसांसाठी
- जाण्या-येण्याच्या तिकिटांचं बुकिंग
- राहण्याचा पुरावा, म्हणजे वसतिगृहाचं पत्र किंवा घरमालकाचा करार
- कॉलेजचं बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र
- खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं तसं पत्र, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि नोकरी-धंद्याचा पुरावा
- स्वतः लिहिलेलं एक पानी पत्र: काय शिकायचंय, का, कधी परत येणार

बँक स्टेटमेंटबद्दल एक. अर्जाच्या आठवडाभर आधी मामा, काका, आत्या सगळ्यांकडून पैसे खात्यात गोळा केले की ती उडी कागदावर स्पष्ट दिसते. पैसे कुणी दिले असतील तर तसं पत्र जोडा, लपवाछपवी नको. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते बघा. वडिलांचं नाव मधे कधी आहे, कधी नाही, कधी नुसतं आद्याक्षर, यावरून मराठी माणसाची फाइल हमखास अडते.

५. घर शोधा

उन्हाळ्यात इटालियन मुलं आपापल्या गावी जातात आणि खोल्या रिकाम्या पडतात. म्हणून पेरूजात जुलैपुरती खोली मिळणं अवघड नाही. वाटून घेतलेल्या घरातली स्वतंत्र खोली साधारण अडीचशे ते चारशे युरोंत बसते. जाहिरातीत 'स्तान्झा सिंगोला' म्हणजे एकट्याची खोली आणि 'पोस्तो लेत्तो' म्हणजे नुसती खाट. दुसऱ्यात खोलीत आणखी कोणीतरी असणार.

आता माझा हट्टाचा मुद्दा. भारतीय मुलांबरोबर राहू नका. चार जणांचं व्हॉट्सॲपवर आधीच जमलेलं असतं, 'आपण मिळून घर घेऊ, स्वयंपाक मिळून करू.' घरचे खूश, आपण निवांत, आणि महिन्याच्या शेवटी हिंदी सुधारलेली. मी जेनोआच्या एका मुलीबरोबर राहिले. भांडी कोणी घासायची, कचऱ्याची कुठली पिशवी कुठल्या वारी बाहेर ठेवायची, गरम पाणी कोणी संपवलं, या किरकोळ कुरबुरींतून जे क्रियापदांचे काळ पक्के झाले ते पुस्तकातून झाले नसते. इटालियन कुटुंबात पाहुणे म्हणून राहायची सोय बऱ्याच शाळा करून देतात. महाग पडते, पण पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

घराबाबतचे सापळे:

खोली न बघता, व्हिडिओ कॉल न करता अनामत पाठवू नका. 'मी सध्या लंडनला असतो, किल्ली कुरिअरने पाठवतो' असं कोणी म्हणालं की तिथेच नमस्कार करा. व्हिसासाठी करार लेखी हवा, आणि काही मालक कर वाचवायला तो देत नाहीत. अशांकडे कितीही स्वस्त मिळालं तरी जाऊ नका. शिवाय तिकडच्या कायद्याने परदेशी माणसाला घरात ठेवणाऱ्याने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. मालकाला आधीच विचारा, 'तुम्ही कळवणार ना?' तो कां-कू करायला लागला की समजून जा.

आणि घर डोंगरावर आहे की खाली स्टेशनपाशी, ते नकाशात नीट बघा. नकाशा चढ दाखवत नाही. स्टेशन खाली फोन्तिवेज्जेला आहे आणि विद्यापीठ वर. मधे मिनीमेत्रो नावाची छोटी, चालकाशिवाय चालणारी गाडी आहे, पण ती रात्री लवकर बंद होते. शक्यतो वरच राहा.

६. पोहोचल्यावरचे पहिले आठ दिवस

रोमहून पेरूजाला रेल्वेने अडीच-तीन तास लागतात, बऱ्याचदा फोलिन्योला गाडी बदलावी लागते. फिउमिचिनो विमानतळावरून थेट बसही आहे. दोन मोठ्या बॅगा असतील तर तीच बरी. ती पार्तिजानी चौकात सोडते. तिथून सरकते जिने तुम्हाला थेट एका किल्ल्याच्या पोटातून वर गावात नेतात. हा किल्ला पोप तिसऱ्या पॉलने १५४० च्या, मिठाच्या करावरून पेटलेल्या युद्धात पेरूजाला नमवल्यावर बांधला. त्याखाली गाडलेल्या जुन्या गल्ल्यांतून सामान ओढत जाताना पहिल्याच दिवशी गावाचा इतिहास कळतो.

मग हे काम, जे कोणी सांगत नाही. तुम्ही दोहा, दुबई अशा ठिकाणाहून थेट इटलीत उतरलात तर विमानतळावरची सरहद्दीची नोंद पुरते. (ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ही नोंद होऊ लागली आहे.) पण फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलून आलात, तर शेंगेनमध्ये तुमचा प्रवेश तिथेच झालेला असतो. अशा वेळी इटलीत पाऊल ठेवल्यापासून आठ दिवसांत क्वेस्तूरामध्ये, म्हणजे पोलीस मुख्यालयात, हजेरीची घोषणा द्यावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलची नोंद चालते. भाड्याच्या खोलीत असाल तर स्वतः जायचं. फॉर्म साधा असतो. त्याची पोच जपून ठेवा. तिकीट काढतानाच हे डोक्यात असेल तर थेट इटलीत उतरणारं विमान घ्याल.

७. वर्गात आणि वर्गाबाहेर

मराठी माणसाला इटालियनमध्ये काही गोष्टी आयत्या मिळतात. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून. जोडाक्षरांवरचा जोर आपल्याला शिकवावा लागत नाही. 'पाला' म्हणजे फावडं आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू, हा फरक वर्गातल्या अमेरिकन मुलांना आठवडाभर ऐकूच येत नव्हता. 'मी गेलो, मी गेले' असं लिंगानुसार क्रियापद बदलणं तर आपल्या रक्तातच आहे. 'सोनो आन्दातो' आणि 'सोनो आन्दाता' मध्ये अगदी तेच होतं.

अडतं ते उपपदांवर. इल, लो, ला, ई, ल्यी, ले. मराठीत हा प्रकारच नसल्यामुळे आपण ती गाळतो किंवा कुठेही टाकतो. नाम पाठ करताना उपपदासकटच पाठ करा. दुसरं, आदरार्थी 'लेई'. कोणाला तू म्हणायचं नि कोणाला नाही हे आपल्याला बरोबर कळतं, पण सवयीने आपण क्रियापद अनेकवचनी करायला जातो. तिथे ते एकवचनीच लागतं. घरमालकीणबाई, दुकानदार, ऑफिसातली माणसं यांना लेई. बरोबरच्या मुलांना तू. आणि दुकानात शिरताना आधी 'बोंजोर्नो', म्हणजे नमस्कार, म्हणा. न बोलता सरळ वस्तूंना हात लावणं तिथे उद्धटपणाचं.

दुपारी भाषेची देवाणघेवाण करणारे जोडीदार मिळतात, विद्यापीठाच्या फलकावर चिठ्ठ्या लागलेल्या असतात. फक्त घड्याळ लावून बसा, अर्धा तास त्यांच्यासाठी इंग्रजी, अर्धा तास आपल्यासाठी इटालियन. नाहीतर ज्याचं इंग्रजी बरं तो जिंकतो. संध्याकाळी सगळं गाव कोर्सो वान्नुच्ची या मुख्य रस्त्यावर फेऱ्या मारतं, या टोकाच्या बागेपासून त्या टोकाच्या १२७८ सालच्या कारंज्यापर्यंत आणि परत. तुम्हीही मारा. रोज तीच माणसं दिसतात, चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप बोलणं सुरू होतं.

८. पोटाचं बघा

पावात मीठ नसतं. पोपने मिठावर कर वाढवला म्हणून लोकांनी मीठच सोडलं, अशी गोष्ट गावात सांगतात. इतिहासकार त्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पाव मात्र खरंच अळणी आहे. त्याऐवजी 'तोर्ता अल तेस्तो' घ्या, तव्यावर भाजलेली जाड भाकरी, आत चीज नि पालेभाजी.

शाकाहारी असाल तर नुसतं 'वेजेतारियानो' म्हणून भागत नाही. रिसोत्तो हा भात बऱ्याचदा मांसाच्या रश्शात शिजवतात, पियादिना या पोळीत डुकराची चरबी असू शकते, आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. घरी शिजवणं सोपं. तूरडाळ मिळेलच असं नाही, पण पेरूजाच्याच उंब्रिया प्रांतातल्या कास्तेल्लुच्चोच्या मसुरा झकास असतात. आणि सुपरमार्केटात 'फारीना दी चेची' मागा, म्हणजे आपलं बेसन. हळद, तिखट, हिंग, मोहरी घरून न्या. मी पहिल्यांदा पिठलं केलं तेव्हा रूममेट कढईत डोकावून म्हणाली, 'हे तर न भाजलेलं फारिनाता!' फारिनाता म्हणजे तिच्या जेनोआकडचं हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं. मग तिने ते भट्टीत करून दाखवलं, मी फोडणी म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं, आणि धूर झाला म्हणून शेजारीण विचारपूस करायला आली. त्या संध्याकाळी इंग्रजीचा एक शब्द नव्हता.

कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, सव्वा-दीड युरोत होते. बसलात की दर वाढतो. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं.

९. फोन, पैसे, गाड्या

भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि ते आले नाहीत तर स्वतःचेच पैसे हलवता येत नाहीत. निघण्याआधी रोमिंग सुरू आहे ना ते तपासा. डेटासाठी ई-सिम घ्या.

एटीएम 'रुपयांत आकारू का?' असं विचारतं. नेहमी युरो निवडा, रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो.

प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. विसरलात तर दंड. 'शोपेरो' हा शब्द दिसला की संप आहे; कामाच्या दिवशी तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतातच.

सामानात आपली दोन पिनांची चार्जर चालतात, तीन जाड पिनांची नाहीत. जुन्या घरांत एसी क्वचित. दिवसा खिडक्यांच्या झडपा घट्ट बंद, रात्री सताड उघड्या. बूट मात्र चांगले न्या, गल्ल्या दगडी आणि उभ्या आहेत.

१०. निघण्याआधी

प्रमाणपत्र आणि तासांचं पत्र शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच मागा. विद्यापीठाच्या ऑफिसच्या खिडकीच्या वेळा थोड्या असतात आणि कोर्सच्या अखेरच्या दिवशी सगळा वर्ग तिथेच उभा असतो. कागद हातात आला की नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. परतीचं विमान कोर्स संपल्यावर निदान दोन दिवसांनी ठेवा. एक दिवस खोलीची अनामत परत घेऊन किल्ली द्यायला, एक दिवस असिसीला जाऊन यायला, रेल्वेने जेमतेम अर्धा तास लागतो. विम्याचे आणि व्हिसाचे दिवस हे दोन दिवस धरूनच मोजा.